पत्राचा मक्ता सुटला, पत्त्याचं काय?

काट्यावरचा फराळ

नवरात्र सरलं की कोथरूड, ठाणे, डोंबिवली या भागांतल्या कुरिअरच्या दुकानांवर ‘दिवाळी फराळ परदेशी पाठवा’ अशा पाट्या लागतात. एरवी ही दुकानं गाळ्याच्या अर्ध्या भागात चालतात. उरलेल्या अर्ध्यात झेरॉक्स नाहीतर मोबाइलचं रिचार्ज असतं. या दिवसांत मात्र काउंटरवर खोक्यांची चळत लागते, हवाबंद पिशव्या करणारं यंत्र घरघरत राहतं आणि वजनकाट्यापुढे रांग लागते. संपादकांनी यंदा ‘सीमेपलीकडे’ हा विषय दिला, तेव्हा मी आधी या रांगेत जाऊन उभा राहिलो.

पुढे एक आजी होत्या, मुलगी न्यू जर्सीला. काउंटरवरच्या मुलाने पहिला प्रश्न विचारला, “काकू, घरचं की विकतचं?” मला वाटलं, चौकशी चवीची आहे. ती कायद्याची होती. २००२च्या एका कायद्यामुळे अमेरिकेत बाहेरून येणाऱ्या खाद्यपदार्थांची आगाऊ वर्दी तिथल्या अन्न व औषध प्रशासनाला द्यावी लागते. स्वतःच्या घरी केलेला पदार्थ स्वतःच भेट म्हणून पाठवला, तर त्यातून सूट आहे. म्हणजे आजींनी वळलेला बेसनाचा लाडू एका नियमात बसतो आणि मिठाईवाल्याकडचा दुसऱ्या. ऑस्ट्रेलियाचा पत्ता असेल तर प्रश्न बदलतात. तिथे बियाणं, दूधदुभतं यांची कसून तपासणी होते.

दुसरी अडचण वजनाची. मुलाने खोकं काट्यावर ठेवलं आणि लगेच टेपही काढली. विमानातून जाणाऱ्या मालाला खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त असेल ते लागतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५०००ने भागायची. चाळीस बाय तीस बाय पंचवीसचं खोकं म्हणजे सहा किलो, आत चिवडा तीनच किलो भरला तरी. लाडू परवडतात, चिवडा आणि चकली महाग पडते. “चकल्या मोडणार नाहीत ना?” या प्रश्नाला मुलाने प्रामाणिकपणे उत्तर दिलं, “त्याची गॅरंटी कुणीच देत नाही, काकू.”

आधारची प्रत, पत्ता, तिकडचा फोन, आतल्या प्रत्येक जिनसाची किंमत. पाच-सात मिनिटांत पावती हातात. तिच्यावर दुकानाचं नाव एक, वरच्या कंपनीचं दुसरं. दुकान फक्त बुकिंग घेतं. माल रात्री गोळा करणाऱ्याकडे जातो, तो अनेक दुकानांचा माल एकत्र करून मोठ्या कंपनीला देतो, मुंबई विमानतळावरच्या कुरिअर टर्मिनलमध्ये सीमाशुल्काचे सोपस्कार होतात आणि खोकं उडतं. अमेरिकेत उतरल्यावर ते कधी त्याच कंपनीच्या गाडीतून घरी पोचतं, तर कधी सरळ अमेरिकेच्या सरकारी पोस्टमनच्या हाती सोपवलं जातं. इथे टपालाला टाळून निघालेला फराळ तिथे टपालानेच दारात येतो. या धंद्यात नवख्या माणसाला चक्रावून टाकणारी ही गोष्ट दुकानातल्या मुलाला अगदी साधी वाटत होती.

कलम चार आणि बॅगेतली दोन किलो जागा

या फराळात एक चिठ्ठी घातली तर? २०२४च्या जूनपर्यंत या प्रश्नाचं कायदेशीर उत्तर सरळ नव्हतं.

१८९८च्या भारतीय टपाल कायद्याचं चौथं कलम सांगत होतं की जिथे सरकारने टपालव्यवस्था उभारली आहे तिथे पत्रं वाहून नेण्याचा अनन्य हक्क केंद्र सरकारचा. हा हक्क मोडला तर दर पत्रामागे पन्नास रुपयांपर्यंत दंड. एकोणिसाव्या शतकाअखेर पन्नास रुपये म्हणजे अनेकांचा कित्येक महिन्यांचा पगार होता.

कायद्याने काही वाटा मोकळ्या ठेवल्या होत्या. प्रवासाला निघालेल्या मित्राच्या हाती, पैसे न देता, पत्र पाठवता येत होतं. स्वतःच्या कामाचं पत्र खास माणूस धाडून पोचवता येत होतं. मालासोबत त्या मालाविषयीचं पत्र जाऊ शकत होतं. यांतली पहिली वाट मराठी घरांनी फार मनापासून वापरली. “तुमच्या बॅगेत दोन किलो जागा आहे का?” हा प्रश्न महाराष्ट्रातल्या कितीतरी सोसायट्यांमध्ये दर डिसेंबरला आणि मेमध्ये फिरतो. पापड, कुळथाचं पीठ, मेतकूट आणि वर एक पाकीट. मोबदला घेतला नाही तोवर हे सगळं १८९८च्या कलमात चोख बसत होतं.

पैसे घेऊन पत्र नेणारा तिसरा माणूस मात्र त्यात कुठेच बसत नव्हता. आणि तरीही १९८०नंतर मुंबई त्याच माणसांनी भरून गेली.

पाकिटात पत्र नसतंच

अमेरिकेत १९६९मध्ये डाल्सी, हिलब्लॉम आणि लिन या तिघांनी सॅन फ्रान्सिस्कोहून होनोलुलूला जहाजांची कागदपत्रं विमानाने न्यायला सुरुवात केली. जहाज बंदरात लागण्याआधी कागद पोचले की माल लवकर सुटायचा. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं जोडून डीएचएल हे नाव झालं. टपालखात्याला वेग जमत नव्हता, व्यापाऱ्याला थांबणं परवडत नव्हतं. त्या फटीतून हा धंदा जगभर शिरला. मुंबईत १९८३मध्ये ब्लू डार्ट सुरू झाली, तीही आधी परदेशी कुरिअरचं काम करण्यासाठीच.

कायदा तसाच होता. मग पाकिटात काय असायचं? ‘डॉक्युमेंट’. निविदा, करारनामे, बँकेचे कागद, विद्यापीठाच्या सीलबंद गुणपत्रिका. कुणीही काउंटरवर ‘पत्र पाठवायचंय’ म्हणत नसे आणि कुणीही पाकीट उघडून वाचत नसे. सरकारलाही हे ठाऊक होतं. सीमाशुल्क खात्याने १९९८मध्ये कुरिअरच्या आयात-निर्यातीसाठी रीतसर नियमावली केली, कंपन्यांची नोंदणी ठेवली, त्यांच्यासाठी स्वतंत्र अर्ज काढले. परकीय गुंतवणुकीच्या धोरणात कुरिअरला शंभर टक्के मुभा मिळाली, पण पत्रांचं वितरण त्यातून वगळलं. ते सरकारसाठी राखीव. एका खात्याच्या दप्तरात मक्ता जिवंत होता आणि दुसऱ्या खात्याच्या दप्तरात त्या मक्त्याला वळसा घालून जाणाऱ्यांचे परवाने होते.

कायदा बदलायचे मसुदे अधूनमधून येत राहिले. ठरावीक वजनापर्यंतची पत्रं टपालासाठी राखून ठेवावीत, कुरिअरवाल्यांची नोंदणी करावी, खेड्यापाड्यांतल्या सेवेसाठी त्यांच्याकडून निधी घ्यावा, असे विचार पुढे आले. यातलं काहीच कायद्यात उतरलं नाही. अखेर २०२३च्या डिसेंबरात संसदेने नवा टपाल कायदा मंजूर केला आणि १८ जून २०२४ला तो लागू झाला. त्यात पत्रांचा अनन्य हक्क नाही. अनन्य हक्क राहिला तो फक्त टपाल तिकिटं काढण्याचा. देशातलं पत्र असो की परदेशचं, ते नेण्याची मोकळीक आता सर्वांना आहे. विरोधकांची टीका झाली ती टपाल अडवून तपासण्याच्या सरकारी अधिकारावर. सव्वाशे वर्षांचा मक्ता गेला याची बातमी बाजूच्या रकान्यात राहिली.

नेणारे हात परकेच

मक्ता नेमका कशाचा होता, ते बंदराकडे गेलं की उमगतं. मुंबईत बॅलार्ड इस्टेटला विदेश डाक भवन आहे. देशाबाहेर जाणाऱ्या आणि बाहेरून येणाऱ्या टपालाचं हे जुनं नाकं. टपाल आणि सीमाशुल्क या दोन खात्यांचं काम इथे शेजारी शेजारी चालतं. बाहेर जॉर्ज विटेटच्या आराखड्यातल्या दगडी इमारती, रुंद सावलीचे रस्ते आणि पलीकडे बंदर. आज टपाल विमानाने जातं, तरी ही जागा बंदरालगतच का हे तिथे उभं राहिलं की कळतं. विलायतेची आगबोट बॅलार्ड पिअरला लागायची आणि धक्क्यालगतच्या मोल स्टेशनातून टपालाच्या गाड्या उत्तरेकडे सुटायच्या. पहिल्या महायुद्धापर्यंत एडन ते मुंबई प्रवासात बोटीवरच टपालाची वर्गवारी व्हायची, म्हणजे किनाऱ्याला लागताच पिशव्या वाटेला लावता येत.

त्या आगबोटी पी अँड ओ या खाजगी कंपनीच्या होत्या. सरकार तिला कराराने पैसे द्यायचं. १५ ऑक्टोबर १९३२ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आले, तेव्हा त्यांच्या छोट्या पस मॉथ विमानात इम्पीरियल एअरवेजने लंडनहून आणलेलं टपाल होतं. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट ते बल्लारीमार्गे मद्रासला घेऊन गेले. भारतीय नागरी विमानवाहतुकीची सुरुवात म्हणून आपण हा दिवस सांगतो. ती खाजगी कंपनीने नेलेल्या परदेशी टपालाचीही गोष्ट आहे.

वाहतूक अशी पहिल्यापासून करारावर चालली. मक्ता होता तो दोन टोकांचा: पाठवणाऱ्याकडून पत्र घ्यायचं आणि ज्याच्या नावे आहे त्याच्या हाती द्यायचं. मधल्या वाटेवर नफा काढता येतो, टोकांवर तो सहज निघत नाही. सावंतवाडीच्या आतल्या वाडीत एक पाकीट पोचवायला जो खर्च येतो, तो त्या एका पाकिटाच्या तिकिटातून कधीच वसूल होत नाही. मुंबई-लंडनच्या गठ्ठ्यांवर चार पैसे सुटत, त्यांतून वाडीचा खर्च निघे. मक्त्यामागचा हिशोब हा होता. एसटीचं उदाहरण घेतलं तर लगेच पटेल: वडापवाला गर्दीच्या वेळी नाक्यावरून भरून जातो, रात्रीची मुक्कामाची गाडी एसटीनेच न्यायची.

कॅनडाची पत्रं, तिसऱ्या देशाची वाट

फक्त परदेशी टपालाचा मक्ता रीतसर कायद्याने उघडणारा देश म्हणून कॅनडाकडे बोट दाखवता येतं. तिथे १९८१च्या कायद्याने पत्रांचा अनन्य हक्क कॅनडा पोस्टला दिला होता. पण ‘रिमेल’वाल्या कंपन्या उभ्या राहिल्या. त्या बँकांची स्टेटमेंटं, मासिकं, जाहिरातपत्रकं गठ्ठ्याने उचलत, विमानाने तिसऱ्या देशात नेत आणि तिथल्या टपालात टाकत. तिथून ती इच्छित देशात जात.

हे स्वस्त का पडतं, याचं उत्तर बर्नमध्ये आहे. १८७४मध्ये तिथे जागतिक टपाल संघाचा पाया घातला गेला. भारत १८७६मध्ये सामील झाला. तिकीट ज्या देशात लागलं त्याने पैसे ठेवायचे, वाटप दुसऱ्याने फुकट करायचं, असं ठरलं. गृहीत धरलं होतं की पत्राला उत्तर येतंच, म्हणजे हिशोब आपोआप फिटतो. मासिकांना आणि जाहिरातींना उत्तर येत नाही. म्हणून १९६९च्या टोकियो परिषदेत ठरलं की ज्याने जास्त पाठवलं त्याने वाटणाऱ्या देशाला काही शुल्क द्यावं. हे शुल्क वेगवेगळ्या गटांतल्या देशांना वेगवेगळं, गरीब देशांना कमी. जिथे फरक आहे तिथे फरकावर जगणारा धंदा येतो. युरोपात यावरून कज्जे झाले. इंग्लंडमधून आलेलं टपाल मुळात जर्मनीतल्याच कंपन्यांचं आहे असं म्हणत डॉइचे पोस्टने ते अडवलं, तेव्हा २००१मध्ये युरोपीय आयोगाने तिला दोषी ठरवलं. दंड केला एक हजार युरो, तोही प्रतीकात्मक.

कॅनडा पोस्ट न्यायालयात गेली आणि न्यायालयाने तिचा हक्क मान्य केला. मग कंपन्यांनी सरकारकडे दाद मागितली. २००७ आणि २००९मध्ये आणलेली स्वतंत्र विधेयकं मार्गी लागली नाहीत. अखेर २०१०च्या अर्थसंकल्पाशी जोडलेल्या भल्यामोठ्या विधेयकात एक कलम घातलं गेलं: देशाबाहेर जाणाऱ्या पत्रांना हा हक्क लागू नाही. टपाल कामगारांची संघटना विरोधात होती. तिचं म्हणणं, ही कमाई खेड्यांतल्या वाटपाला लागते, ती काढून घेतली तर वाटपाचे पैसे कुठून येणार?

त्या वादात एक गंमत दडलेली होती. रिमेलच्या धंद्यातल्या मोठ्या नावांपैकी एक होतं ‘स्प्रिंग’. २००१मध्ये ते उभं केलं हॉलंड, ब्रिटन आणि सिंगापूरच्या टपालसंस्थांनी. कॅनडाच्या टपालाशी स्पर्धा करायला आलेले हे ‘खाजगी’ गडी आपापल्या घरी टपालखातंच होते.

हीच गंमत मुंबईतही आहे. डीएचएल २००२पासून पूर्णपणे डॉइचे पोस्टची, म्हणजे जर्मनीच्या जुन्या सरकारी टपालाची. तिच्यात जर्मन सरकारी बँकेचा आजही वाटा आहे. पुढे दोनतीन वर्षांत ब्लू डार्टची बहुतांश मालकीही तिच्याकडे गेली. आपल्या गल्लीबोळांत दिसणाऱ्या डीटीडीसीमध्ये फ्रान्सच्या ला पोस्तच्या कंपनीने भागभांडवल घेतलं. टपालाला पर्याय म्हणून आपण ज्या काउंटरवर जातो, त्यामागे बऱ्याचदा दुसऱ्या देशाचं टपालच असतं. फरक इतकाच की त्यांच्या देशात त्यांच्यावर गावोगाव पोचण्याचं बंधन असतं. इथे ते मोकळे असतात.

ऑगस्टमधली कुलूपबंदी

मग बंधन असलेलं टपाल भरवशाचं आणि मोकळे ते स्वार्थी, असा सोपा निकाल लावावा का? २०२५च्या दिवाळीआधीचे दोन महिने तसं करू देत नाहीत.

तोवर अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या मालावर जकात लागत नसे. २९ ऑगस्ट २०२५पासून ही सवलत संपली. टपालाने येणाऱ्या मालावरची जकात वाहतूकदाराने किंवा मान्यताप्राप्त मध्यस्थाने आधीच गोळा करून भरावी, असा हुकूम निघाला. ती गोळा कशी करायची, कुणाला भरायची, याची यंत्रणा तयार नव्हती. विमान कंपन्यांनी टपालाच्या पिशव्या घ्यायला असमर्थता दाखवली. भारतीय टपालखात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेचं बहुतेक बुकिंग थांबवलं. पत्रं आणि शंभर डॉलरपर्यंतच्या भेटी तेवढ्या चालू ठेवल्या. महिनाअखेरीस त्याही बंद झाल्या. जगातल्या ८८ टपालसंस्थांनी सेवा कमीअधिक प्रमाणात थांबवल्याचं जागतिक टपाल संघाने जाहीर केलं. सवलत संपली त्या दिवशी अमेरिकेकडे जाणारं टपाल आठवड्यापूर्वीच्या तुलनेत ८१ टक्क्यांनी घटलं होतं.

कुरिअर कंपन्या चालूच राहिल्या. त्यांच्याकडे विमानं, सीमाशुल्काचे स्वतःचे दलाल आणि ग्राहकाच्या वतीने जकात भरण्याची सोय आधीपासून होती. जर्मनीत तर एकाच घराचे दोन भाऊ वेगळे वागले: डॉइचे पोस्टने अमेरिकेची व्यापारी पार्सलं थांबवली, डीएचएल एक्स्प्रेस सुरू राहिली.

आपल्याकडे १५ ऑक्टोबरला टपालसेवा पुन्हा सुरू झाली. दिवाळी दारात आली होती. जकात आधीच भरून घ्यायची व्यवस्था लागली होती. तेव्हा टपालाच्या मालावर घोषित किमतीच्या सरसकट ५० टक्के जकात होती, शंभर डॉलरपर्यंतची भेट मात्र मुक्त होती. पण त्या वर्षीचा बहुतेक फराळ तोवर कुरिअरने निघून गेला होता. ज्यांच्या गावात कुरिअरचं परदेशी बुकिंग होत नाही, ते थांबून राहिले.

पोस्टाशिवाय पर्याय नसणं कसं असतं ते कोकणातल्या एका तालुक्याच्या पोस्टात लक्षात येतं. तिथे खिडकी एकच. रांगेत बचत खातं, आधार दुरुस्ती, स्पीड पोस्ट आणि मधूनच एखादं परदेशी पार्सल. आखाती देशात नोकरीला असलेल्या मुलासाठी आलेल्या एका काकांना कर्मचाऱ्याने सीमाशुल्काचा सीएन-२३ हा अर्ज भरायला बसवलं. ‘खाऊ’ लिहून चालत नाही. प्रत्येक जिनसाचं नाव, वजन, किंमत वेगळी हवी. काकांनी चौथ्या ओळीवर पेन ठेवून विचारलं, “शेंगदाण्याच्या चटणीचं इंग्लिश काय लिहू?” मागच्या मुलीने ते लिहून दिलं. तेरा अक्षर-आकड्यांचा, शेवटी ‘आयएन’ असलेला क्रमांक मिळाला. तोच क्रमांक तिकडच्या टपालाच्या संगणकावरही चालतो. दीडशे वर्षांच्या आंतरराष्ट्रीय कराराची ही रोजच्या वापरातली खूण. जवळचं परदेशी कुरिअर घेणारं दुकान कुठे, असं विचारल्यावर काकांनी जिल्ह्याच्या ठिकाणाचं नाव सांगितलं.

हिशोबाची दुसरी बाजू

देशात सुमारे १ लाख ६४ हजार टपाल कार्यालयं आहेत आणि त्यांतली नव्वद टक्क्यांच्या आसपास ग्रामीण भागात. छोट्या उत्पादकांची निर्यात वाढावी म्हणून अलीकडे हजाराहून जास्त ‘डाक घर निर्यात केंद्रं’ उघडली गेली. टपालखात्याची खरी ताकद या जाळ्यात आहे, आणि खर्चाचं मूळही. जागतिक टपाल संघाच्या करारानुसार प्रत्येक सदस्य देशाने आपल्या सर्व नागरिकांना परवडेल अशी मूलभूत टपालसेवा द्यायची आहे. भारतही त्याला बांधलेला आहे. पूर्वी या बंधनाच्या बदल्यात मक्ता होता. आता मक्ता गेला, बंधन राहिलं, आणि त्याचे पैसे कुठून यायचे हे वाढत्या तुटीच्या हवाली झालं.

मक्ता परत आणा, असं म्हणण्यात अर्थ नाही. तो व्यवहारात चाळीस वर्षांपूर्वीच सुटला होता आणि लोकांनी कुरिअर निवडलं ते सेवेसाठी. कागदावरचा हक्क गेल्याने दुकानदारांचं ढोंग तेवढं संपलं. मात्र हक्क काढताना त्याच्या जोडीचा हिशोबही मांडायला हवा होता. डेन्मार्कने तो मांडला, भावनेत न अडकता. तिथे २०२४पासून सार्वत्रिक टपालसेवेचं बंधनच काढलं गेलं. पोस्टनॉर्ड या तिथल्या टपालसंस्थेने ३० डिसेंबर २०२५ला शेवटची पत्रं वाटून चार शतकांची परंपरा थांबवली आणि पत्रं दाओ या खाजगी कंपनीकडे गेली. पण छोटी बेटं, अंधांसाठीचं टपाल, परदेशी टपाल अशी बाजाराला न झेपणारी कामं सरकारने वेगळी काढली आणि ती करण्यासाठी निविदेने पैसे मोजायची तरतूद केली. पत्र पोचवणं लोकांना हवं असेल तर त्याचा खर्च अर्थसंकल्पात दिसला पाहिजे, ही त्यामागची भूमिका.

आपल्याकडे हा खर्च टपालखात्याच्या तोट्यात मिसळून जातो आणि मग तोटा म्हणजे गलथानपणा असा निष्कर्ष सहज निघतो. त्यात गलथानपणा किती आणि वाडीपर्यंत जाण्याचा खर्च किती, हे वेगळं काढून दाखवायला कुणाला भाग पाडलेलं नाही. कुरिअर कंपन्यांना वाडीत जायची सक्ती करू नये; ती टिकणारही नाही. पण दर वर्षी संसदेपुढे एक आकडा ठेवता येईल: बाजार जिथे जात नाही तिथलं घेणं-पोचवणं देशाला किती रुपयांना पडलं, आणि ते पैसे कुणी दिले. टपालखात्याने या कामासाठी स्वतंत्र बिल लावावं आणि सरकारने ते फेडावं. मग नफ्याच्या वाटांवर टपालाने कुरिअरशी हवी तशी स्पर्धा करावी, जकातीच्या यंत्रणेसह, म्हणजे २०२५सारखी वेळ आली तर तालुक्याच्या खिडकीवर कुणाचं पार्सल दोन महिने अडकून राहणार नाही.